न्यूरोसायन्ससाठी ४० लाखांचं कर्ज काढावं का?

तुमचा प्रश्न असा: बीएस्सी झाली आहे, अमेरिकेत न्यूरोसायन्सच्या एमएसला प्रवेश मिळालाय, ४० लाखांचं कर्ज लागेल आणि त्यासाठी वडील राहतं घर तारण ठेवायला तयार आहेत. पुढच्या पगारातून ते फिटेल का?

मी याच विषयात पीएचडी करून सध्या पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, करतोय. संशोधनातच जायचं असेल तर या एमएससाठी घर तारण ठेवू नका, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

आपल्याकडे कर्जाची रक्कम आणि शेवटी मिळणारा पगार शेजारी मांडून निर्णय घेतात. न्यूरोसायन्समध्ये तो पगार फार उशिरा येतो. एमएसनंतर पाच-सहा वर्षं पीएचडी, मग पोस्टडॉक. बँकेचा हप्ता मात्र अभ्यासक्रम संपल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभरात सुरू होतो. दरवर्षी २० लाख उचलले आणि सरळव्याज १० टक्के धरलं, तर शिक्षण आणि पुढचे सहा महिने मिळून ८ लाख व्याज चढतं. म्हणजे ४८ लाख. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता ६३ हजारांच्या पुढे जातो. आता हे आकडे बघा: २०२३ च्या वाढीनंतर भारतात पीएचडीच्या सुरुवातीच्या पाठ्यवृत्तीला, म्हणजे जेआरएफला, महिना ३७,००० रुपये, त्यापुढच्या एसआरएफला ४२,००० आणि पीएचडीनंतरच्या रिसर्च असोसिएटला सुरुवातीला ५८,००० मिळतात, घरभाडं वेगळं. पीएचडी झाल्यावरही हप्ता मूळ पाठ्यवृत्तीपेक्षा मोठाच. अशा वेळी मुलं पीएचडीचा विचार सोडून मिळेल ती नोकरी धरतात. ज्यासाठी कर्ज काढलं तेच कर्जापायी सुटतं. मी हे जवळून पाहिलंय आणि फार वाईट वाटतं.

अमेरिकेतच जायचं असेल तर थेट पीएचडीला अर्ज करा. तिथे न्यूरोसायन्सच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर पाठ्यवृत्ती मिळते. त्यांच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, म्हणजे एनआयएचचा, २०२४ चा दर वर्षाला २८,२२४ डॉलर होता आणि अनेक विद्यापीठं त्याहून जास्त देतात. एमएसची अट सहसा नसते, प्रयोगशाळेतला अनुभव मात्र लागतोच. तीन वर्षांची बीएस्सी चालते का, हे प्रत्येक विद्यापीठाला आधी विचारा. आणि एमएस करून तिथेच नोकरी करू, असा हिशेब असेल तर सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तीही लक्षात घ्या. अशा नियमांच्या भरवशावर घर लावायचं नसतं.

आपल्याकडचे पर्याय तुम्ही प्रश्नात लिहिलेच नाहीत, याचं आश्चर्य वाटलं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात न्यूरोसायन्सची एमएस्सी आहे. बंगळुरूला निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था, एनसीबीएस हे जीवविज्ञानाचं संशोधन केंद्र आणि आयआयएस्सी या विज्ञान संस्थेचं न्यूरोसायन्स केंद्र आहे. पुण्याची विज्ञान संस्था आयसर आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, तर घरचीच. टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य भावना आणि नैराश्यामागच्या मेंदूतल्या यंत्रणांवर काम करतात, त्या कामाला जगभर मान आहे. यातल्या काही ठिकाणी बीएस्सीनंतर इंटिग्रेटेड पीएचडी (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) करता येते आणि शिकताना दरमहा पाठ्यवृत्ती मिळते. जेजीईईबीआयएलएस आणि जॅम या प्रवेश परीक्षांची तयारी आजपासून सुरू करा. परीक्षा अवघड आहेत, पण तिथे बुडणार ते फार तर एक वर्ष.

परदेशी एमएस्सीच हवी असेल तर जर्मनी बघा. गॉटिंगेनसारख्या सरकारी विद्यापीठात शिकवणी शुल्क नाही, फक्त सत्राचं किरकोळ शुल्क. ट्युबिंगेन ज्या राज्यात आहे तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात दाखवावे लागतात, पण ते तुमच्याच खाण्याराहण्याला वापरायचे असतात. इथेही कर्ज लागेल, पण बरंच कमी.

एका परिस्थितीत मी थोडं कर्ज समजू शकतो: तुमचा ओढा पायथन, सिग्नल प्रोसेसिंग, ईईजी-एफएमआरआयच्या (मेंदूतल्या विद्युत नोंदी आणि स्कॅनच्या) विदा, म्हणजे डेटा, विश्लेषणाकडे असेल तर. ही कौशल्यं न्यूरोसायन्सच्या बाहेरही विकली जातात. निव्वळ जीवशास्त्रीय प्रयोगांच्या पदवीला तेवढी बाजारपेठ नाही. आणि घरी कुणाला वाटत असेल की यातून मेंदूचे डॉक्टर होता येईल, तर तसं नाही. त्याला एमबीबीएसपासूनच जावं लागतं.

हातातला प्रवेश लगेच सोडू नका. विभागाला ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागा: एमएसच्या विद्यार्थ्यांना असिस्टंटशिप (विभागात काम करून मिळणारा मोबदला) मिळते का, मागच्या तुकडीतले किती जण पीएचडीला गेले, आणि प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येईल का. उत्तरं आली की इथे लिहा, आपण पुन्हा हिशेब मांडू.