बँक ‘नाय’ म्हणाली, मग?

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातले हे दादा. कुडाळच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन, हातात पगार ३२,००० रुपये. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जुलैत त्यांचं दोन लाखांचं पर्सनल लोन नाकारलं गेलं. श्रावणात वहिनींना घेऊन माझ्याकडे कर्जाच्या समुपदेशनाला आले ते हाच प्रश्न घेऊन: “गणपती तोंडार इले, बँकवाले नाय म्हणतत. आता काय करूचा?”

त्यांना लागलं होतं ते वेगळंच. आजवर एकही हप्ता चुकवला नाही, तरी नकार का? हा प्रश्न रास्त आहे आणि जवळपास प्रत्येक जण तो विचारतो.

आधी कागदावर हप्ते मांडले. बाइक ३,४००, मोबाइल १,८५०, जुनं पर्सनल लोन ७,२००. क्रेडिट कार्डावर ६८,००० बाकी, त्याची दरमहा ‘मिनिमम’ रक्कम ३,४००. एकूण १५,८५०, म्हणजे पगाराचा जवळजवळ निम्मा भाग. त्यात नवे दोन लाख १६ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ७,०३१. बेरीज २२,८८१, पगाराच्या ७१ टक्के. सगळे हप्ते मिळून पगाराच्या ४० ते ५० टक्क्यांच्या पुढे गेले की बहुतेक बँका हात आखडता घेतात. वेळेवर हप्ता भरण्याची सवय या गणितात उपयोगी पडत नाही, कारण हे गणित मागचं बघत नाही, उरलेल्या पगारात घर चालेल का एवढंच बघतं. नकाराचं कारण बँकेकडे लेखी मागता येतं. दादांनी मागितलं, तेव्हा दोन ओळींचं उत्तर आलं: ‘उत्पन्नाच्या मानाने कर्जाचा भार जास्त’ आणि ‘जामीनदार खात्यात थकबाकी’.

दुसऱ्या ओळीने दोघेही गप्प झाले.

प्रत्येकाच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण क्रेडिट अहवाल फुकट मिळतो. स्वतः अहवाल बघितल्याने स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण) घसरत नाही. ही भीती उगाचच पसरली आहे. दादांचा अहवाल काढला. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात: ‘०००’ म्हणजे वेळेवर, ‘०३०’ म्हणजे तीस दिवस उशीर, ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहितीच कळवलेली नाही. दादांच्या स्वतःच्या सगळ्या कर्जांखाली ‘०००’. शेवटी मात्र एक खातं होतं, चुलतभावाच्या होडीच्या इंजिनाचं. जामीनदार म्हणून यांची सही. जूनच्या चौकोनात ०३०, जुलैच्या ०६०.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होडी किनाऱ्यावर, हप्ता मात्र दर महिन्याला. कर्ज घेतानाच बँकेला सांगून हप्ते हंगामाला जुळवून घ्यायला हवे होते. तसं कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. करार कायदा १८७२, कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘नुसती सही’ असा प्रकार त्यात नाही. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली, तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक कर्ज होतं, आणि तो डाग दोघांच्याही अहवालात उतरतो. म्हणून पहिलं काम चुलतभावाकडे जाऊन बसण्याचं: ऑगस्टात होड्या पाण्यात उतरल्या की पहिल्या मासळीच्या पैशातून निदान दोन हप्ते.

अहवालाच्या ‘एन्क्वायरी’ विभागात दुसरी गोष्ट सापडली. पहिल्या नकारानंतर आठ दिवसांत पाच अर्ज, त्यातले चार मोबाइल ॲपवरचे. प्रत्येक अर्जाला कर्ज देणारा अहवाल उघडतो, त्याची नोंद राहते आणि स्कोअर थोडा खाली येतो. पाच नोंदी एकत्र दिसल्या की पुढच्याला वाटतं, माणूस पैशासाठी धावाधाव करतोय. याच धांदलीत ‘लोन मंजूर, आधी २,९९९ फाइल चार्ज भरा’ असा फोन आला. दादांनी भरले. मग जीएसटीच्या नावाने आणखी ४,५०० मागितले, तेव्हा वहिनींनी फोन हिसकावून घेतला. कर्ज देण्याआधी कोणाच्या खात्यावर पैसे मागवणारा फसवणूक करणाराच समजावा. अशा वेळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आता कार्ड. खरा चोर इथे बसला होता. ६८,००० वर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे २,३८० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ४२८. दादा ३,४०० भरत होते, त्यातले २,८०८ इथेच गेले आणि मुद्दल उतरलं ५९२ रुपये. त्यात बाकी शिल्लक असताना नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पेट्रोल भरलं त्याच दिवसापासून व्याज चालू. हप्ता थकलेला नसेल, तर बऱ्याच बँका ही बाकी ईएमआयमध्ये बदलून देतात. १६ टक्के, २४ महिने धरले तर हप्ता ३,३३० आणि पहिल्या महिन्यात व्याजावरचा जीएसटी १६३. म्हणजे आताच्यापेक्षा फक्त ९३ रुपये जास्त, आणि दोन वर्षांत बाकी शून्य. अट एकच: कार्ड वहिनींच्या डब्यात, पेट्रोल रोखीने.

दादांच्या कामावरचा एक सहकारी सांगत होता ‘सेटलमेंट (बँकेशी तडजोड) कर, अर्ध्यात सुटशील’. अर्ध्यात सुटणाऱ्याच्या अहवालात ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ लिहिलं जातं, आणि पुढचा प्रत्येक बँकवाला आधी तेच वाचतो.

वहिनींचा विचार गावातल्या सावकाराकडे मंगळसूत्र ठेवण्याचा होता, शेकडा तीन रुपयांनी. तीन ऐकायला हलके वाटतात, वर्षाचे ३६ टक्के होतात. शिवाय २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने परवाना लागतो आणि सावकाराचा दर सरकार ठरवतं. विनापरवाना सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जाते.

घर तारण ठेवायचं म्हटलं, तर सातबारा सामाईक. मुंबईच्या तीन चुलत्यांच्या सह्या आणायच्या, तेही गणपतीला सगळे आले तरच. ती वाट सोडली.

मग पैसे मुळात कशाला हवेत हे विचारलं. ९०,००० छपराला, ६८,००० कार्डाला, उरलेले गणपतीला. कार्डाची सोय वर झाली. छप्पर? श्रावणात कौलं कोण उतरवतो? आपल्याकडे हे काम मार्च ते मे मध्येच होतं. आत्ता पडवीवर ताडपत्री आणि फुटलेली वीस-पंचवीस कौलं बदलणं एवढंच शक्य होतं. पंधरा मिनिटं दोघं एकमेकांकडे बघत हसत होते.

मोबाइलचा हप्ता नोव्हेंबरात, बाइकचा फेब्रुवारीत संपतो. दोन्हींचं ‘नो ड्यूज’ (बाकी काही नाही असं) पत्र मागून ठेवायचं आणि महिन्याभराने अहवालात ‘क्लोज्ड’ लागलंय का ते बघायचं. चूक दिसली, तर तक्रार केल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती व्हायला हवी. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. मार्चमध्ये हप्ते उरतात १०,५३० (जुनं लोन ७,२००, कार्डाचा ईएमआय ३,३३०). छपराचे ९०,००० त्याच दराने, तीन वर्षांसाठी घेतले तर ३,१६४ वाढून १३,६९४, पगाराच्या ४३ टक्के. तोपर्यंत नवा अर्ज कुठेही नाही.

गणपतीचा खर्च मुंबईच्या भावाबरोबर निम्मा करायचं ठरलं. मुंबईला फोन वहिनींनीच लावला.

चुलतभावाने सप्टेंबरात दोन हप्ते भरले. जामिनातून नाव काढण्यासाठी दादांनी बँकेला अर्ज दिलाय; बँक म्हणते, दुसरा जामीनदार आणा. तो अजून मिळालेला नाही.