जुन्या शहाबादीवर टाईल चिकटवण्याआधी जिन्याची वरची पायरी मोजा

तुमचा प्रश्न असा, की शाळेची इमारत पस्तीस वर्षांची, तळमजला अधिक दोन मजले, शहाबादी फरशीचे पापुद्रे निघताहेत. संस्थेचं म्हणणं, फोडाफोडी नको, जुन्या फरशीवरच दोन बाय दोनची चकचकीत व्हिट्रिफाइड टाईल चिकटवू. ती टिकेल का, की कोटा घ्यावा?

वरच्या मजल्यांवर हे करू नका आणि चकचकीत टाईल तर शाळेत कुठेच लावू नका. मी शाळा-कॉलेजांच्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो. हाच वाद एका संस्थेच्या बैठकीत मी हरलो होतो आणि तीन वर्षांनी तेच काम उखडून पुन्हा करावं लागलं. म्हणून सविस्तर लिहितो.

तो पहिल्या मजल्यावरचा व्हरांडा होता, ८ फूट रुंद आणि १२० फूट लांब. खाली शहाबादी, वर ६०० बाय ६०० मिलिमीटरची डबल चार्ज (वरचा रंगीत थर जाड दाबलेली) टाईल. टाईल आणि चिकटद्रव्य मिळून पातळी १८ मिलिमीटरने उचलली गेली. जिना मात्र तसाच राहिला. शाळेच्या जिन्यात पायरीची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि पाय ठेवायची जागा किमान ३०० असावी, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. इथे सगळ्या पायऱ्या १५० च्या, फक्त सगळ्यात वरची १६८ ची झाली. जिना चढताना-उतरताना पाय दुसऱ्या पायरीपासून आपोआप चालतो, तो मोजमाप लक्षात ठेवतो. पाऊण इंचाचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण दप्तर पाठीवर घेऊन धावणारं पोर तिथेच ठेचकाळतं. तळमजल्यावर पातळी उचलली तर उलट होतं, खालची पहिली पायरी बुटकी होते. वर्गांचे दरवाजे खालून तासावे लागतात ते वेगळंच, आणि व्हीलचेअरला उंबऱ्याशी १२ मिलिमीटरपेक्षा जास्त उठाव अडतो.

दुसरी गोष्ट चिकटवण्याची. मिस्त्रीने टाईलच्या पाठीवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच गोळे लावून टाईल दाबली होती. घराच्या खोलीत हे वर्षानुवर्षं खपून जातं. शाळेत बाक ओढले जातात, आणि लोखंडी पायाचं टोपण निघालेलं असलं की सगळं वजन इंचभर नळीवर येतं. तो पाय पोकळ कोपऱ्यावर आला की कोपरा तुटतो. इथे कोपरे पहिल्याच वर्षी गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या दुपारी, व्हरांड्याच्या मध्यभागी टाईलची एक अख्खी ओळ छपराच्या आढ्यासारखी वर उचलली गेली. स्पेसर (सांध्याची फट राखणारे प्लास्टिकचे तुकडे) न घालता टाईल एकमेकींना टेकवून बसवल्या होत्या, भिंतीशीही फट नव्हती, त्यामुळे तापून पसरायला जागाच उरली नव्हती. उचललेली टाईल उलटी केली तर पाठ कोरी होती. पाचही गोळे खाली शहाबादीला घट्ट बसलेले, आणि टाईलच्या पाठीवर बोट फिरवलं की पांढरी पावडर लागत होती. भट्टीत टाईल चिकटू नये म्हणून कारखान्यात पाठीला लावतात ती ही पावडर. ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय चिकटद्रव्य त्या पावडरला धरतं, टाईलला नाही.

व्हिट्रिफाइड टाईल पाणी अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी शोषते. म्हणून साधं सिमेंट तिला धरत नाही, पॉलिमरवालं चिकटद्रव्यच लागतं (पोत्यावर आयएस १५४७७ हा भारतीय मानक क्रमांक पाहून घ्या). १० मिलिमीटर दात्यांच्या थापीने एकाच दिशेने रेघा ओढायच्या, टाईल रेघांच्या आडव्या दिशेने सरकवून दाबायची. दाबल्यावर साधारण ५ मिलिमीटरचा थर राहतो. त्या हिशेबाने २० किलोच्या पोत्यात २८ ते ३० चौरस फूट होतात, म्हणजे वर सांगितलेल्या ९६० चौरस फुटांना ३३-३४ पोती. कंत्राटदाराने पंधरा पोती मागवली की पाच गोळ्यांचं काम होणार हे तिथेच समजून घ्या. ओलं असतानाच दर शंभर चौरस फुटांमागे एक टाईल उचलून पाठ बघायची, नव्वद टक्के तरी माखलेली हवी. सांधा ३ मिलिमीटर, भिंतीकडेला स्कर्टिंगखाली ६ ते ८ मिलिमीटर मोकळं, आणि लांब व्हरांड्यात दर १५ फुटांवर एक आडवा सांधा ग्राउटऐवजी (सांध्यात भरतात तो सिमेंटचा माल) रबरासारख्या ताणणाऱ्या पीयू सीलंटने भरायचा. आठवड्याने नाण्याने ठोकून बघा. जिथे बद्द आवाज येईल तिथे खडूने फुली मारा, आणि त्या टाईल बदलल्याशिवाय बिल काढू नका.

आता घसरण्याबद्दल. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, त्याच सुमाराला पाऊस येतो, आणि मुलं चिखलाचे बूट घेऊन व्हरांड्यात येतात. चकचकीत टाईलवर पाण्याचा पातळ थर बुटाखालून बाहेर पडत नाही, आणि बारीक माती त्यात वंगणाचं काम करते. कोरड्या शोरूममध्ये ती टाईल घट्ट वाटते, त्याला काही अर्थ नाही. पुरवठादाराकडे ओल्या पृष्ठभागाच्या पेंड्युलम चाचणीचा (झुलत्या रबरी तुकड्याने घसरण मोजतात ती) अहवाल मागा. आकडा ३६ च्या वर हवा. फक्त आर क्रमांक (टाईल किती घसरू देत नाही त्याचा दर्जा) असेल तर व्हरांड्याला किमान आर १०, संडास-मुताऱ्या आणि पाण्याच्या नळांजवळ आर ११. आर ९ हा या मालिकेतला सगळ्यात खालचा दर्जा आहे, विक्रेते तोच 'अँटीस्किड' म्हणून दाखवतात. नमुन्याच्या चार टाईल दोन आठवडे नळाजवळ टाकून ठेवा आणि शिपाईकाकांना रोज पुसायला सांगा. खरखरीत टाईलमध्ये माती अडकते का, आणि ती फिनाईल-पाण्याने निघते का, तेही कळेल. जी पुसता येत नाही ती शेवटी घाणेरडी होते, मग कोणीतरी ॲसिड ओततं.

माझी निवड विचारलीत तर व्हरांडा आणि जिन्याला २५ मिलिमीटरचा मशीनकट कोटा, घिसाई केलेला पण आरशासारखी पॉलिश न केलेला. संस्थेला आवडत नाही, 'सरकारी कचेरीसारखा दिसतो' म्हणतात. पण तो आरपार एकच दगड आहे, झिजला तरी खालीही तोच निघतो, आणि वीस वर्षांनी पुन्हा घिसता येतो. छापील नक्षीच्या चकाकीवाल्या टाईलला हे जमत नाही. तिचा वरचा थर फाटकाजवळ वाळूने वर्ष-दोन वर्षांत ओरबाडला जातो. टाईलच हवी असेल तर फुल बॉडी (आरपार एकाच मालाची) आणि मॅट घ्या. जिन्याच्या पायरीला कडेला तीन खाचा, कड हाफ राउंड, आणि कमी दिसणाऱ्या मुलांसाठी दोन इंचांची पिवळी पट्टी.

कोटा मात्र जुन्या फरशीवर चढवू नका. २५ मिलिमीटरचा दगड आणि २० मिलिमीटरचा १:४ चा सिमेंट-वाळूचा माल मिळून चौरस मीटरला शंभर किलोच्या वर वजन जातं. वर्गाचा स्लॅब माणसं आणि बाक धरून ३०० किलोसाठी आखतात, त्यातला तिसरा हिस्सा तुम्ही फरशीतच घालवाल. आधी शहाबादी आणि खालचा जुना बेड (फरशीखालचा मालाचा थर) काढा, आणि पातळी जिन्याशी जुळेल असाच नवा बेड घ्या. काढताना मोठा ब्रेकर नको, छन्नी किंवा छोटं यंत्र वापरा, नाहीतर खालच्या वर्गाच्या छताचं कव्हर (सळयांखालचा काँक्रीटचा थर) गळून पडतं. मलबा वर साठवू नका. फूटभर उंचीच्या ढिगाचं वजन चौरस मीटरला चारशे किलोंच्या पुढे जातं. रोजचा मलबा रोज खाली.

एखाद्या वर्गात शहाबादीऐवजी मोझॅक असेल तर तिला हात लावू नका. मोझॅकचा वरचा थर पाच मिलिमीटर तरी असतो. भेगा आणि खड्डे रंग जुळवलेल्या सिमेंटने भरून चार दिवस भिजवा, मग ६०, १२०, ३२० नंबरच्या दगडांनी क्रमाने पाणी घालून घिसाई करा. ती फोडून टाईल टाकणं म्हणजे चांगला माल फेकून कच्चा आणणं. याच मुद्द्यावर त्या बैठकीत मला 'जुन्या विचारांचा' म्हटलं गेलं. तिथल्या दोन वर्गांची मोझॅक तेवढी फोडायची राहून गेली होती, आणि आज त्या शाळेत तीच फरशी सगळ्यात धड आहे.

काही अपवाद. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कोटा किंवा शहाबादी अजिबात नको. दोन्ही चुनखडकच, हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब पडला की फसफसून खड्डा पडतो. तिथे आम्लरोधक टाईल आणि एपॉक्सी ग्राउट. याच कारणाने कोटा धुवायला ॲसिड देऊ नका. संडासात ३०० बाय ३०० च्याच टाईल घ्या, मोठ्या टाईलला जाळीकडे उतार देता येत नाही. उतार दहा फुटांना दीड इंच. बालवाडीच्या वर्गाला विनाइल चांगलं, पडलं तरी लागत नाही. पण तळमजल्यावर आधी दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी खाली दव दिसलं तर विनाइल सुटणार. कोकणात तर तळमजल्याला ते नकोच.

वेळेचा हिशेबही धरा. परीक्षा संपताच फोडाफोडी, मेच्या पहिल्या आठवड्यात बेड आणि दगड, सात दिवस पाणी, मग घिसाई. मेच्या शेवटी काम सुरू करणारा कंत्राटदार पाणी मारायचे दिवसच खातो. दगड असो वा टाईल, पाच टक्के जास्त घ्या. टाईलच्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर फोटो काढून फाइलला लावा, कारण दोन वर्षांनी तीच छटा बाजारात मिळत नाही.