वडील एकाहत्तरच्या लढाईत जखमी झाले, पण डिस्चार्ज बुकात मेडल नाही

प्रश्न : माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, १९६५ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि १९८१ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले. एकाहत्तरच्या लढाईत ते पहिल्या बटालियनबरोबर तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, जमालपूरला होते. तिथे डाव्या खांद्यात गोळ्याची कपची घुसली. ती अजून आत आहे. आज त्यांचं वय ७८. यंदा विजय दिवसाला तालुक्याच्या गावी माजी सैनिकांचा सत्कार झाला. जोडीदारांच्या छातीवर 'पूर्वी स्टार' नावाचं मेडल होतं, तात्यांच्या नव्हतं. सूत्रसंचालकाने माइकवरून सहज विचारलं, "तुम्ही लढाईला नव्हता का?" तेव्हापासून ते फारसे बोलत नाहीत. डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सेवेच्या पुस्तिकेत, पूर्वी स्टार नाही, जखमी झाल्याचं मेडलही नाही. भाऊ म्हणतो, कॅम्पातल्या दुकानातून स्टार विकत आणू. एक गृहस्थ २५ हजारांत "दिल्लीतून काम करून देतो" म्हणतात. कंपनी कमांडरांनी "तुझं नाव सेना मेडलला पाठवलंय" असं सांगितल्याचंही तात्यांना आठवतं. चौपन्न वर्षांनी आता काही होईल का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई, होण्यासारखं आहे. मात्र तुमच्या पत्रात तीन मेडल्स आहेत आणि कायद्यापुढे त्या तिन्हींची गोष्ट एक नाही. ती आधी वेगळी करू, कारण तिन्ही एकाच अर्जात कोंबली की सर्वांत कच्ची मागणी सर्वांत पक्क्या मागणीलाही खाली ओढते.

पूर्वी स्टार हे मोहिमेचं मेडल आहे. १९७१ साली पूर्व आघाडीवर मोहिमेच्या क्षेत्रात प्रत्यक्ष कामगिरीवर असलेल्यांसाठी ते आहे. कोण किती शूर होता, हा प्रश्न तिथे येतच नाही. अटीत बसणारा प्रत्येक जवान त्याला पात्र, मग तो लंगरात असो की मशीनगनवर. म्हणून ते मागताना तुम्ही कोणाकडे मेहेरबानी मागत नाही. सरकारच्याच कागदांत असलेली एक गोष्ट सरकारच्याच दुसऱ्या कागदावर उतरवायची राहिली, ती उतरवा, एवढंच तुमचं म्हणणं आहे. शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्यांसाठीचं पराक्रम पदकही असंच आहे. जखम कशी झाली याची नोंद सापडली की पात्रता ठरते.

सेना मेडल हे शौर्यपदक. त्याचं पुढे बोलतो.

तुम्ही पाठवलेले डिस्चार्ज बुकाचे फोटो मी मोठे करून दोनदा वाचले. मेडलांच्या रकान्यात जांभळट शाईत चार नोंदी आहेत : सैन्य सेवा मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल. पुढच्या पानावर बदल्यांच्या तारखा आहेत. ११ डिसेंबर १९७१ ला तात्या पहिल्या बटालियनच्या हजेरीवरून कमी होऊन हॉस्पिटलात गेले. एप्रिल १९७२ मध्ये ते बेळगावच्या सेंटरला दिसतात आणि जूनमध्ये दुसऱ्याच बटालियनमध्ये. माझ्या मते सगळी गफलत याच दोन पानांत आहे.

पहिली मराठा, म्हणजे तात्यांची पहिली बटालियन, जंगी पलटण, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला वाट अडवून बसली होती, आणि १० डिसेंबरच्या रात्री तिथून निसटू पाहणाऱ्या पाकिस्तानी फौजेशी तिची मोठी चकमक झाली. तात्यांची हॉस्पिटलची तारीख दुसऱ्याच दिवसाची आहे. ही तारीख मुलीने सांगितलेली नाही, लष्कराच्या कारकुनाने लिहिलेली आहे. याहून चांगला साक्षीदार तुम्हाला मिळणार नाही.

मग मेडल का राहिलं? मेडलांच्या याद्या पलटणीतून जातात, आणि त्या लढाई संपल्यावर सावकाश तयार होतात. जखमी होऊन बाहेर गेलेला माणूस त्या वेळी पलटणीच्या हजेरीवर नसतो. नव्या बटालियनने त्यांचं नाव संग्राम मेडलसाठी पाठवलं, कारण त्याची अट स्टारपेक्षा सैल होती. स्टारसाठी मात्र पूर्व आघाडीवर असल्याची खात्री लागते. ती जुन्या पलटणीकडे होती आणि माणूस नव्या पलटणीत. हा माझा अंदाज आहे, पण डिस्चार्ज बुकातला क्रम त्याच्याशी तंतोतंत जुळतो. माझ्याकडे आलेल्या अशाच एका प्रकरणात तर पलटणीने नाव पाठवलं होतं, फक्त सैनिक क्रमांकातला एक आकडा चुकला होता आणि मेडल तीस वर्षं कागदोपत्री कोणा दुसऱ्याच्याच नावावर पडून होतं. म्हणून "मेडल द्या" असा अर्ज करण्याआधी रेकॉर्ड ऑफिसात नेमकं काय लिहिलंय ते हाती घ्यायचं. नोंदच नसेल तर नोंद दुरुस्त करून मागावी लागते. नोंद आहे पण मेडल पोचलं नाही, असं निघालं तर फक्त वाटपाची मागणी पुरते. दोन्ही अर्ज वेगळे आहेत, आणि चुकीचा अर्ज गेला की सहा महिने वाया जातात.

त्यासाठी माहितीचा अधिकार वापरा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा आणि सोबत दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. अर्जदार तात्या स्वतः असू द्या, तुम्ही नको. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती मागितली की नकार देणं सोपं जातं. स्वतःची सेवानोंद मागणाऱ्याला तसं सांगता येत नाही. आणि "मेडल का दिलं नाही?" असं विचारू नका. या कायद्याखाली असलेले कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. कागदांची नावं घेऊन मागा : शीट रोलमधल्या (जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रातल्या) मेडल आणि जखमांच्या पानाची प्रमाणित प्रत, लाँग रोलमधली (भरती झालेल्यांच्या नावांच्या मूळ नोंदवहीतली) नोंद, आणि डिसेंबर १९७१ ते डिसेंबर १९७२ या काळातल्या, तात्यांच्या नावाच्या सर्व पार्ट टू ऑर्डरी, म्हणजे जवानाच्या बाबतीत घडलेल्या गोष्टींची नोंद करणारे लेखी आदेश. हॉस्पिटलात दाखल झाल्याची आणि बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईत जखमी, असल्याची नोंद झाली असेल तर ती पार्ट टू ऑर्डरीतच असणार. ती एक ओळ सापडली तर पराक्रम पदकाचा प्रश्न जवळपास सुटला. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. त्याला शुल्क नाही.

"कागद नष्ट केले" असं उत्तर आलं तर घाबरू नका. पेन्शन नसलेल्यांचे सेवेचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तेच उत्तर सरसकट दिलं जातं. तात्या पेन्शनर आहेत. त्यांचे कागद त्याहून पुष्कळ जास्त काळ ठेवायचे असतात आणि लाँग रोल तर कायमचा जपायचा असतो. म्हणून तात्या पेन्शनर असल्याचं अर्जाच्या पहिल्याच वाक्यात, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या) क्रमांकासह लिहा.

कागद येईपर्यंत घरचे पुरावे गोळा करा. खांद्याचा ताजा एक्स-रे काढा आणि "डाव्या खांद्यात धातूचा तुकडा, जुनी जखम" असं डॉक्टरांकडून लेखी घ्या. पलटणीतले जे जोडीदार सत्काराला स्टार लावून आले होते, त्यातल्या दोघांची नोटरीपुढे प्रतिज्ञापत्रं करा. त्यांच्या डिस्चार्ज बुकांच्या मेडलांच्या पानाची झेरॉक्स सोबत हवी. त्यांनी फक्त स्वतः पाहिलेलं सांगावं : कोणत्या कंपनीत होते, तात्यांना कुठे लागलं, कोणी उचलून मागे नेलं. ऐकीव गोष्ट एकही नको. ही माणसंही पंच्याहत्तरीच्या पुढची आहेत ताई, त्यामुळे हे काम कागद येण्याची वाट न पाहता याच महिन्यात करा.

कागद हातात आले की रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमुख अधिकाऱ्याला निवेदन द्यायचं. पानभर पुरे. त्यात सेवेचा तपशील, ११ डिसेंबरची नोंद, राहिलेली दोन मेडल्स, आणि "सेवानोंद दुरुस्त करून मेडल द्यावीत, अमान्य असल्यास कारणांसह लेखी आदेश द्यावा" ही मागणी. हे शेवटचं वाक्य विसरू नका, पुढची लढाई लागलीच तर ती त्याच वाक्यावर उभी राहते. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून शिफारसपत्रासह पाठवा आणि एक प्रत स्वतः स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. माझा अनुभव असा की पुरावा नीट जोडलेला असेल तर बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. रेकॉर्ड ऑफिसातला माणूसही वर्दीतलाच असतो, त्याला जमालपूर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

नाहीच मिटलं, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. २००७ च्या त्या कायद्याखाली निवृत्त सैनिकाला, आणि त्याच्या पश्चात वारसांनाही, सेवाविषयक तक्रार घेऊन जाता येतं. तुमच्यासाठी मुंबईचं खंडपीठ. पण थेट तिथे जाऊ नका, भाऊ म्हणाले तरी. आधी खात्यातला उपाय करून पाहावा लागतो. निवेदनावर अंतिम आदेश आला तर त्यापासून सहा महिन्यांत, आणि सहा महिने काहीच उत्तर नाही आलं तर त्यानंतरच्या सहा महिन्यांत अर्ज करायचा.

आता तुमच्या बाजूची खरी अडचण. समोरचे वकील पहिलं वाक्य बोलतील ते उशिराचं. आणि आज निवेदन देऊन त्याला उत्तर मिळालं म्हणजे चौपन्न वर्षांचा उशीर पुसला जातो, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने सी. जेकब प्रकरणात २००८ साली हे स्पष्ट सांगितलंय. त्याच वर्षीच्या तरसेम सिंग निकालात पेन्शनसारख्या दर महिन्याला नव्याने होणाऱ्या नुकसानीला उशिराची आडकाठी सैल केली आहे, पण थकबाकी तीन वर्षांपुरतीच दिली. मेडल ही एकदाच द्यायची गोष्ट आहे, म्हणून त्या निकालावर सगळा भार टाकता येणार नाही. आपला मुद्दा वेगळा असायला हवा : इथे जुन्या निर्णयाला आव्हान नाही, कारण कोणी निर्णय घेतलेलाच नाही, रेकॉर्डमधली कारकुनी चूक आहे, ती आज कळली, आणि ती दुरुस्त केल्याने कोणाचंही काही जात नाही, ज्येष्ठता नाही की पैसा नाही. पुरेसं कारण दिसलं तर उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. माझ्या मते हा मुद्दा टिकेल. बॅटल कॅज्युअल्टीची नोंद सापडली तर त्यावरून पेन्शनीत काही हक्क निघतो का, ते मात्र वेगळं तपासू. या अर्जात पैशाचा शब्दही नको.

आणि सेना मेडल. तात्यांना हे कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा, पण तुमच्यापासून लपवणार नाही : ते मिळवून देता येणार नाही. शिफारस पलटणीतून निघून वर अनेक टप्प्यांवर तपासली जाते आणि पुष्कळ नावं वाटेत थांबतात. शिफारस होणं म्हणजे हक्क मिळणं नव्हे, आणि कोण अधिक शूर हे ठरवायला कोणतंही न्यायालय बसत नाही. साहेब खोटं बोलले असतील असं मला वाटत नाही. त्यांनी नाव पाठवलं असेल, आणि ज्याच्या डोळ्यांदेखत ती रात्र गेली त्या अधिकाऱ्याने तसं करावंसं वाटणं, हे तात्यांकडे आहेच. ते कोणत्याही रकान्यात लिहायचं राहिलेलं नाही. फक्त अर्जात त्याचा उल्लेख करू नका.

दुकानातला स्टार आणू नका. भावाची माया मला कळते. पण नोंद नसलेलं मेडल लावलेला एक फोटो फिरला, की ज्यांची दोन प्रतिज्ञापत्रं आपण जोडणार आहोत त्यांच्यावरही शंका घेतली जाते. तात्यांच्या बाजूने आज जे सगळं स्वच्छ आहे, ते तसंच राहू द्या. त्या २५ हजारवाल्या गृहस्थांना घरात घेऊ नका. दिल्लीत करण्यासारखं या कामात आज काहीच नाही, कागद बेळगावला आहेत आणि त्यांचा खर्च दहा रुपये अधिक झेरॉक्सचे पैसे.

या आठवड्यात एवढं करा. संध्याकाळी तात्यांजवळ बसा, मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि मेघालयातलं तुरा सोडल्यापासून हॉस्पिटलातल्या खाटेपर्यंत काय काय झालं ते त्यांना त्यांच्या क्रमाने सांगू द्या. मधे तारखा दुरुस्त करू नका. कंपनीचं नाव, सेक्शनमधल्या जोडीदारांची नावं, कोणत्या हॉस्पिटलात ठेवलं, हे त्यातूनच निघेल आणि पार्ट टू ऑर्डरी मागताना उपयोगी पडेल. मग माहितीचा अर्ज त्यांच्याच हाताने भरून घ्या. खांद्यामुळे लिहिता येत नसेल तर मजकूर तुम्ही लिहा, सही त्यांची. सही थरथरत असेल तर अंगठा चालतो, शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.