गोळी कोणत्या तारखेला बंद केलीत, ते आधी आठवा

हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) आहे, आम्ल कमी करणारी गोळी बंद केल्यावर जळजळ उलट वाढली, ही तुमची पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीची मीच समोर उभी राहिले. एंडोस्कोपीत ३ सेंमीचा हायटस हर्निया, चार महिने रोज गोळी, छान आराम, मग 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद. आणि आठवड्याभरात छातीत अशी जळजळ, की आधीची परवडली! 'हर्निया वाढला असेल का, ऑपरेशन करावं लागेल का' हे तर अगदी माझेच शब्द. मला उत्तर मिळायला सात महिने लागले.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. बेताचं जेवा, जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या वगैरे तुम्हाला सांगून झालंच असेल, त्यात शिरत नाही.

माझी चूक अशी की गोळी मी एका दिवसात तोडली. ही पीपीआय जातीची गोळी (पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे) जठरातले आम्ल सोडणारे पंप बंद पाडते. शरीराला वाटतं आम्ल कमी पडतंय, म्हणून ते गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि आम्ल तयार करणारी यंत्रणा आतल्या आत फुगत जाते. गोळी आहे तोवर हे कळत नाही. ती अचानक काढली की ही फुगलेली यंत्रणा मोकाट सुटते. २००९ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी पोटाची काहीच तक्रार नसलेल्या लोकांना ८ आठवडे अशी गोळी देऊन बंद केली, तर त्यातल्या ४४ टक्के लोकांना नंतर जळजळ, आंबट पाणी असले त्रास झाले. औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. धडधाकट माणसांची ही गत, मग आपलं काय!

हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. जिथे एंडोस्कोपी झाली तिथे मी तीनदा फोन केला. खिडकीवरच्या बाईंचं ठरलेलं उत्तर, "कोर्स संपला म्हणजे संपला, रिपोर्टमध्ये गंभीर काही नाही, अपॉइंटमेंटची गरज नाही." डॉक्टरांपर्यंत एक ओळीचा प्रश्न पोचवा म्हटलं, तर 'तशी पद्धत नाही'. चौथ्यांदा मी फोन केलाच नाही, आणि त्याचा राग मला त्यांच्यापेक्षा स्वतःवरच जास्त येतो. त्याऐवजी मी ठरवून टाकलं की हर्निया वाढलाय. खाणं इतकं कमी केलं की ९ किलो वजन गेलं. दुसरीकडे जाऊन पुन्हा दुर्बीण घालून घेतली, ऑपरेशनची चौकशी केली.

शेवटी ज्या सर्जनकडे ऑपरेशनसाठी गेले, त्यांनीच पहिला प्रश्न विचारला, "गोळी कधी बंद केलीत, आणि कशी?" हर्निया होता तेवढाच होता. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, काही आठवड्यांनी डोस निम्मा, मग दिवसाआड, मग बंद. मधल्या दिवसांत जेवणानंतर अल्जिनेटचं सिरप. ते जठरातल्या द्रवावर तरंगून साय धरल्यासारखा थर करतं आणि आम्ल वर येऊ देत नाही. हा माझा हिशोब, तुमचा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. अन्ननलिकेला जखमा असतील, बॅरेट्स (आम्लामुळे अन्ननलिकेचं अस्तर बदलणं) असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर गोळी बंद करायचा विचारसुद्धा परस्पर करू नका. काहींना ती कायमच लागते, त्यात कमीपणा कसला?

आणि सेंटिमीटरचं भूत डोक्यातून काढा. साध्या, घसरत्या प्रकारात (बहुतेकांचा तोच असतो) जठराचा वरचा भाग डायफ्रॅमच्या (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या) भोकातून वर-खाली सरकतो. श्वास आणि तपासताना सोडलेली हवा यांनी आकडा बदलतो. एका रिपोर्टमध्ये २ आणि दुसऱ्यात ३ म्हणजे वाढ झालीच असं नाही. जठराचा भाग अन्ननलिकेच्या बाजूने वर चढलेला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. रिपोर्टमध्ये प्रकार काय लिहिलाय ते बघा.

कुणीतरी तुम्हाला हर्नियाचा पट्टा सुचवलाय, तो कृपा करून बांधू नका. तो जांघेतल्या किंवा पोटाच्या हर्नियासाठी. आपल्यात पोट आवळलं की जठर आणखी वर ढकललं जातं. उशांची चळतही तशीच, माणूस कमरेत मुडपतो आणि दाब वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंमीचे ठोकळे घाला आणि डाव्या कुशीवर झोपा. पहिले चार दिवस मी पायथ्याकडे घसरत होते, मग सवय झाली.

घास अडकणं, काळी शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन उतरणं, यांतलं काही असेल तर मला उत्तर देत बसू नका, डॉक्टरांकडे जा. छातीतलं दुखणं चालताना वाढत असेल किंवा हातात, जबड्यात जात असेल तर आधी हृदय तपासून घ्या, तेही लगेच. अचानक असह्य कळ, नुसत्या कोरड्या ओकाऱ्या आणि बाहेर काहीच पडत नाही, तर थेट इमर्जन्सी. थकवा खूप असेल तर हिमोग्लोबिन बघा. मोठ्या हर्नियात जठराच्या अस्तराला चरे पडून थेंबथेंब रक्त जातं आणि माणूस वर्षभर नुसत्या लोहाच्या गोळ्या खात बसतो.

गोळी बंद केल्याची तारीख, डोस, आणि ती जेवणाआधी अर्धा तास घेत होतात की जेवल्यावर, एवढं कागदावर लिहून न्या. खिडकीवर कुणी अडवलं तर तोच कागद आत पाठवा. मला तेव्हा हे सुचलं नाही.