एकच अर्ज, शंभर कंपन्या

‘इतके अर्ज केले, पण साधे उत्तरही येत नाही, माझ्यातच काही खोट असेल का?’ हा प्रश्न मला समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा विचारला गेला आहे की समोरच्याला बोलू दिल्यावर मी पहिली विनंती एकच करते: पाठवलेला अर्ज मला दाखवा. बहुतेकांकडे दाखवण्यासारखा एकच अर्ज असतो आणि तोच सगळीकडे गेलेला असतो.

प्रसाद (हे नाव बदललेले आहे) हा कराडकडचा सत्तावीस वर्षांचा मुलगा. बी.कॉम. झाल्यानंतर त्याने एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात तीन वर्षे काम केले होते आणि पगार वाढण्याची चिन्हे नाहीत म्हणून नोकरी सोडून तो पुण्यात कॉट बेसिसवर राहत होता. रोज रात्री जेवण झाल्यावर तो मोबाइलवर नोकऱ्यांची संकेतस्थळे उघडायचा आणि ‘अप्लाय’ची बटणे दाबत जायचा. रुग्णालय, बिल्डर, शाळा, निर्यातदार, सर्वांना तीच पीडीएफ जायची. तिच्या माथ्यावर आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार लावण्याची इच्छा नोंदवलेली होती आणि त्याखाली टॅली, जीएसटी, टीडीएस, एक्सेल असे चार शब्द होते.

“हा अर्ज तू कोणासाठी लिहिला आहेस?” मी विचारले.

“कोणालाही चालेल असा केलाय, मॅडम. अण्णा म्हणतात, अर्ज टाकत राहायचे, कुठेतरी लागतेच.”

अण्णा म्हणजे त्याचे वडील, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले लिपिक. त्यांच्या सल्ल्याला मी हसले नाही, कारण त्यांच्या अनुभवाच्या जगात तो खराच होता. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवावे, जाहिरात आली की विहित नमुन्यात अर्ज भरावा आणि पुढचे परीक्षेवर सोडावे, ही आपल्याकडच्या पांढरपेशा घरांची पिढ्यानपिढ्यांची रीत आहे. सरकारी भरतीत अर्ज सर्वांचा सारखाच असावा लागतो. त्यात स्वतःचे काही घालायला गेले तर तो बाद होण्याचीच शक्यता अधिक. २०११ पासून आयबीपीएस या बँकभरती करणाऱ्या संस्थेच्या सामाईक परीक्षेमुळे एकाच अर्जावर अनेक सरकारी बँकांचा विचार होतो, हेही आहेच. मात्र तेथे उमेदवारांतला फरक परीक्षा दाखवते. खासगी कंपनीत बहुधा अर्ज आणि निवड करणारा यांच्यामध्ये अशी परीक्षा नसते, त्यामुळे फरक दाखवण्याचे काम अर्जालाच करावे लागते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरात ही एक गोष्ट कोणी कधी बोललेलेच नसते.

हे प्रसादला लगेच पटले. केवळ माहितीचीच उणीव असती तर आमचे काम तेथेच संपले असते. त्याला मनापासून हवीशी वाटणारी एकच जागा निवडून तिच्यासाठी वेगळा अर्ज लिहिण्यास मी सुचवले. त्याने भोसरीतील एका खाद्यपदार्थ निर्यातदाराकडची लेखा सहायकाची जागा निवडली, पण पुढच्या भेटीला तो रिकाम्या हाताने आला. त्याच्या पुढच्या भेटीलाही तेच घडले. वेळ मिळाला नाही, असे तो म्हणाला. रोज रात्री तासभर बटणे दाबणाऱ्या माणसाला दोन परिच्छेद लिहायला वेळ मिळू नये, हे मला मोलाचे वाटले. सल्ला जेथे अडतो, तेथेच समुपदेशनाचे खरे काम सुरू होते, असे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगत असते.

मी अर्जाचा विषय बाजूला ठेवला. “समज, तू मन लावून लिहिलेस आणि तरीही त्यांनी नाही म्हटले, तर काय होईल?”

तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मग मला म्हणायला काही उरणार नाही.”

“आणि आत्ता नाही म्हणतात तेव्हा?”

“आत्ता कोण कोणाला नाही म्हणतंय, मॅडम? त्यांनी वाचलेलंच नसतं. मीही काही लिहिलेलं नसतं.” स्वतःचे वाक्य ऐकून तो ओशाळून हसला आणि लगेच गंभीर झाला. “म्हणजे मी मुद्दामच...?”

मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर त्याच्या हाती आलेच होते.

आळस, घाई किंवा अज्ञान यांपेक्षा मला या सवयीत संरक्षण अधिक दिसते. स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आपल्याला यश कशामुळे मिळाले हे ज्यांना उमगले नव्हते अशा विद्यार्थ्यांना पुढच्या चाचणीआधी दोन औषधांतून एक निवडायला सांगितले होते. त्यांतील पुरुष विद्यार्थ्यांचा कल कामगिरी बिघडवणारे म्हणून सांगितलेल्या औषधाकडे ठळकपणे दिसला. अपयश आलेच तर दोष औषधाचा, आपला नव्हे! सर्वांना पाठवलेला सारखा अर्ज नेमकी हीच सोय करून ठेवतो. गंमत अशी की ही सोय अर्धवटच निघते, कारण मौन साठत गेले की मन शेवटी ‘खोट माझ्यातच’ या निष्कर्षावर येतेच.

माझी वैचारिक जडणघडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मांडणीत झाली आहे. कृतीचे मूल्यमापन जरूर करावे, पण त्यावरून अख्ख्या माणसाला गुण देऊ नयेत, हा तिचा आग्रह मला अशा वेळी फार उपयोगी पडतो. ‘माझा अर्ज नाकारला गेला’ आणि ‘मी नाकारला गेलो’ ही दोन विधाने प्रसादच्या मनात एक झाली होती. ती वेगळी करण्यात आमच्या पुढच्या भेटी गेल्या आणि ती वेगळी झाल्यावर अर्ज लिहायला त्याला एक संध्याकाळ पुरली.

त्या अर्जात बदलले ते थोडेच. शिक्षण, तारखा, संपर्क हा मूळ मसुदा तसाच राहिला आणि तो तसाच राहावा. प्रत्येक वेळी सगळे नव्याने लिहिण्याची गरज नसते. बदलायचे असतात त्या वरच्या चार-पाच ओळी, अनुभवांचा क्रम आणि पुरावे. “जीएसटीचे तू नेमके काय करायचास?” असे विचारल्यावर त्याने सांगितले, की दर महिन्याला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून तयार होणारा तक्ता) आणि खरेदी नोंदवही ताडून पाहणे, ज्या पुरवठादारांनी विवरणपत्र भरले नाही त्यांच्या मागे फोनवर लागणे आणि अडकलेले इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, सोडवणे हे काम तो एकटा करत असे. निर्यातदाराला खरेदीवरच्या कराचा परतावा मिळवायचा असतो, त्यामुळे हा ताळमेळ त्याच्या थेट कामाचा. तीन वर्षांची ही मेहनत ‘जीएसटी’ या एका शब्दाखाली दडपली गेली होती.

“हे एआयकडून करून घेतले तर?” असे त्यानेही विचारले, हल्ली सगळेच विचारतात. भाषा सुधारून घेण्यास माझी हरकत नाही. परंतु फोनवर पुरवठादारांच्या मागे तू लागत होतास, हे एआयला तू सांगितल्याशिवाय कळणार नाही. आणि जाहिरातीतले शब्द उचलून न केलेले काम अर्जात शिरले, तर मुलाखतीत पहिल्या प्रश्नालाच ते उघडे पडते.

दुसरी शंका संख्येची असते. ज्यांच्या घरचे भाडे थकले आहे त्यांना मी मोजकेच अर्ज करा, असे सांगत नाही. रोजचे साधे अर्ज चालू ठेवावेत, मात्र आठवड्यातून दोन-तीन जागा अशा निवडाव्यात की ज्यांच्यासाठी जाहिरात दोनदा वाचली जाईल, कंपनी काय बनवते हे पाहिले जाईल आणि ‘त्यांच्या कोणत्या अडचणीत माझे कोणते केलेले काम उपयोगी आहे’ याचे उत्तर अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात असेल. आठ-दहा दिवसांनी एक नम्र स्मरणपत्र पाठवावे आणि तेथे थांबावे.

भोसरीहून प्रसादला मुलाखतीचे बोलावणे आले, निवड मात्र झाली नाही. ते सांगायला तो आला तेव्हा मी जरा सावधच होते, पण त्याने खुर्चीत बसताबसताच सांगितले, “शिपिंग बिलांचं, म्हणजे निर्यातीच्या सीमाशुल्क कागदपत्रांचं काम केलेला माणूस त्यांना मिळाला. माझं ते झालेलं नाहीये, मॅडम. कुठे शिकता येईल?” इतक्या महिन्यांत नकाराचे कारण त्याने प्रथमच स्वतःच्या किमतीत न शोधता कामात शोधले होते आणि ते मी त्याला सुचवलेले नव्हते. नोकरी त्याला पुढे दिवाळीच्या सुमारास चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागली, तीही अशाच वेगळ्या लिहिलेल्या अर्जावर.