परवान्याची फाइल नेमकी कुठे अडते?

प्रश्न : अमेरिकेत पर्यावरणीय परवान्यांची प्रक्रिया आधुनिक संगणकप्रणालीवर नेण्याचा आराखडा जाहीर झाल्याचे वाचले. परवाने झटपट मिळू लागले, तर पर्यावरणाची तपासणी ढिली पडणार नाही का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, मात्र वेळ कशात जातो, हे आधी पाहावे लागेल. १ जानेवारी १९७० रोजी स्वाक्षरी झालेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यानुसार, पर्यावरणावर मोठा परिणाम करू शकणाऱ्या प्रकल्पाला मंजुरी देण्यापूर्वी संबंधित संघीय खात्याला त्या परिणामांचा सविस्तर अहवाल तयार करावा लागतो. २०१० ते २०१८ या काळातील अशा अहवालांना सरासरी सुमारे साडेचार वर्षे लागली. त्यातला काही वेळ प्रत्यक्ष पाहणीचा असतो. पक्ष्यांचा विणीचा हंगाम संगणकासाठी लवकर येत नाही, आणि तो वेळ वाचवूही नये.

उरलेला बराच वेळ कागदांच्या फेऱ्यांत जातो. पाणथळ जागेत भराव घालायचा असेल तर परवाना लष्कराच्या अभियांत्रिकी दलाकडे, संकटग्रस्त प्रजातींचा प्रश्न मत्स्य व वन्यजीव सेवेकडे. एका खात्याची प्रणाली दुसऱ्याच्या नोंदी वाचू शकत नसल्याने तीच माहिती पुन्हा पुन्हा भरावी लागते. त्याच खोऱ्यात पूर्वी झालेल्या पाहणीचे आकडे जुन्या अहवालाच्या पीडीएफमध्ये अडकून पडतात आणि सर्वेक्षण नव्याने करावे लागते. म्हणूनच मे २०२५ च्या आराखड्यातील सर्वांत मोलाचा भाग मला सर्व खात्यांसाठी समान माहिती-मानके, म्हणजे माहिती नोंदवण्याची एकच ठरलेली पद्धत, हा वाटतो, जरी चर्चा कृत्रिम बुद्धिमत्तेचीच अधिक होते. हजारो हरकतींमधील एकसारखी पत्रे एकत्र लावण्यास ती उपयोगी आहे. परंतु नकाशावर नसलेला झरा दाखवून देणारे एखादेच पत्र त्या गठ्ठ्यात हरवू नये, यासाठी वाचणारा अधिकारी हवाच.

तपासणी ढिली पडते ती हरकतींची मुदत कापल्याने किंवा सूट मिळणाऱ्या प्रकल्पांची यादी वाढवल्याने, आणि हे बदल नियमांतून होतात. २०२३ च्या दुरुस्तीने अहवालाला साधारणतः दोन वर्षांची आणि १५० पानांची मर्यादा घातली. (परिशिष्टे त्यात धरत नाहीत, त्यामुळे मजकूर तिकडे सरकण्याची वाट मोकळीच आहे.) तेव्हा अशी बातमी वाचताना प्रणाली बदलली की नियम, हे वेगवेगळे तपासावे.