नवीन हवालदाराने आपल्या सेक्शनचं ट्रेनिंग कसं सुधारावं?

तुमचा भाऊ इन्फंट्रीत हवालदार झालाय, सेक्शन मिळालंय आणि पोरांना तयार कसं करावं हे त्याला कळत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. मी हेच काम करून निवृत्त झालो, म्हणून सांगतो.

सेक्शन म्हणजे पायदळाची सगळ्यात छोटी तुकडी, १० जणांची, असं कागदावर. सकाळी फॉलइनला उभे किती? कोणी गार्डवर, कोणी रजेवर, कोणी कोर्सला, एखादा लंगरात. उरलेल्या पाच-सहा जणांना घेऊन अटॅकची ड्रिल घोटायची म्हणजे नुसता घाम. त्यामुळे पहिली लढाई ड्यूटी रोस्टरशी. प्लाटून हवालदाराला गाठून एवढं तरी पदरात पाडून घ्यावं की एलएमजीचे (हलक्या मशीनगनचे) नंबर एक आणि दोन, म्हणजे ती चालवणारा आणि त्याचा जोडीदार, एकाच वेळी गायब होणार नाहीत. ती जोडी फुटली की रायफल ग्रुपने पुढे सरकायचं कोणाच्या फायरवर?

ऑर्डर देऊन झाली की आपण विचारतो, "कोई शक?" सगळे ओरडतात, "नहीं साब!" त्यावर विसंबू नये. सर्वांत नव्या जवानाला सॅन्ड मॉडेलपाशी (वाळूत केलेल्या जमिनीच्या नमुन्यापाशी) उभं करावं आणि मकसद काय, तू कुठून जाणार, तुझ्या डावीकडे कोण, हे त्याच्याकडून वदवून घ्यावं. तो अडखळला तर ऑर्डर पुन्हा द्यावी, त्याला झापू नये.

मग जमिनीवर. आधी दिवसा, सावकाश, ब्लँक (नुसता आवाज करणारी, गोळी नसलेली काडतुसं) सुद्धा न वापरता. हात बसला की त्याच जमिनीवर रात्री. आणि अटॅक ऐन रंगात आला की भावाने स्वतः आडवं व्हावं. "मी गेलो," एवढंच बोलायचं, पुढे तोंड उघडायचं नाही. पहिल्यांदा सगळे थांबून त्याच्याकडेच बघतील, हे मी लिहून देतो. त्याच्या हाताखालच्या नाईकने ताबा घेतला का, एलएमजीचा फायर सुरू राहिला का, ते पडल्या पडल्या बघावं. पुढच्या वेळी नाईकलाही पाडावं. त्याच्याही खालचा लान्स नाईक काय करतो ते कळू दे.

चर्चा तिथल्या तिथे, बराकीत परतल्यावर नाही. सगळ्यात ज्युनियरने आधी बोलायचं. उस्ताद, म्हणजे शिकवणारा, आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात.

इन्फंट्री स्कूल महूला असलं तरी सेक्शन कमांडर तयार करणारी तिची ज्युनियर लीडर्स विंग बेळगावात आहे. तिथला कोर्स मिळत असेल तर रजा पुढे ढकलून जावं म्हणावं, घरच्यांची समजूत तुम्ही काढा.